आई-बाबा केअर सेंटरमध्ये असतील तर त्यांचे हक्क कसे सांभाळायचे: ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

घोडबंदर रोडला, बदलापूर-कर्जत साइडला, इकडे खारघर-पनवेलकडे आता इतकी केअर सेंटर्स आणि वृद्धाश्रम झालेत की प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी तिथे आहेच. बहुतेक वेळा ठरवून कुणी जात नाही, आजी रात्री बाथरूममध्ये पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, मुलगा बेंगळुरूला, मुलगी दुबईला, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फोनाफोनी करून जे सेंटर मिळेल तिथे नेऊन ठेवतात. यात वाईट काही नाही, घरी चोवीस तास माणूस ठेवणं सगळ्यांना जमत नाही. पण त्या घाईत एक गोष्ट हातातून सुटते ती सुटते, आणि ती म्हणजे ज्यांना ठेवलंय त्यांना कुणी काही विचारतच नाही. माझी आत्या सध्या अशाच एका सेंटरमध्ये आहे, तिच्यामुळे जे कळलं, बाकीच्या नातेवाईकांशी बोलून जे समजलं आणि कायद्यात जे आहे ते एकत्र लिहितेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की हक्क फी भरणाऱ्याचे नाहीत, राहणाऱ्याचे आहेत. सेंटरवाले सगळं मुलाशी बोलतात, मुलगा व्हॉट्सॲपवर 'ओके' टाकतो आणि आजींना कळतंच नाही की त्यांची खोली बदलली, गोळी बदलली, फोन काढून घेतला. ऐंशी वर्षांची बाई ही सज्ञान बाई आहे. तिच्या उपचाराला संमती तिचीच लागते, तिची पेन्शन तिची आहे, तिला बाहेर जायचं असेल तर तिला कोंडून ठेवता येत नाही, भारतीय न्याय संहितेत कलम १२७ खाली बेकायदेशीर डांबून ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्यात वयाची सूट वगैरे काही नाही. डिमेन्शिया असेल तर मोठे निर्णय कुणीतरी घ्यावे लागतात हे मान्य, पण कुठला गाऊन घालायचा, चहा आत्ता हवा का नंतर, खिडकी उघडी का बंद हे त्यांनाही सांगता येतं, तेवढं तरी त्यांना विचारलंच पाहिजे.

ठेवण्याआधी

शक्य असेल तर त्यांना घेऊन सेंटर बघायला जा, आणि दुपारी ऑफिसात बसून चहा पिऊन येऊ नका, संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा मॅनेजर असतात, फिजिओ असतात, सगळं चकाचक असतं. रात्री किती बेडना किती मावश्या असतात हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर ॲग्रीमेंटमध्ये लिहून मागा.

ॲग्रीमेंट घरी आणून वाचा. डिपॉझिट किती दिवसांत परत, मधेच हॉस्पिटलला ॲडमिट करावं लागलं तर त्या दिवसांचे पैसे कापणार का, फी वर्षाला किती वाढवणार, डायपर आणि औषधं तुम्ही आणायची की ते आणून बिल लावणार, भेटायची वेळ काय, हे सगळं त्यात हवं. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रुग्णाला काहीही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. ते खोडा, बाजूला सही करा, नाही ऐकलं तर निदान मेलवर लिहून ठेवा की हे आम्हाला मान्य नाही. आणि सही करून बसला असाल तरी घाबरू नका, पैसे घेऊन सेवा देतात म्हणजे तुम्ही ग्राहक आहात, सेवेत कसूर झाली तर अशा एका ओळीने तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार म्हणून वेगळी तरतूदच आहे.

संस्था नेमकी कशाखाली नोंदलेली आहे तेही विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, नंबर मागा. आणि सलाइन, ऑक्सिजन, नाकातली नळी असं सगळं तिथेच करतो म्हणत असतील तर ते काम नर्सिंग होमचं झालं, मग १९४९ च्या महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं सर्टिफिकेट दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली की समजून जा.

कागदपत्रांच्या फक्त झेरॉक्स द्या, त्यावर कशासाठी दिली ते लिहून सही करा. ओरिजिनल आधार, पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड कुणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका, सेंटरच्याही नाही आणि जो भाचा 'मी बघतो सगळं' म्हणतोय त्याच्याही नाही. कुलमुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) खूप गैरसमज आहे म्हणून सांगते, माणसाची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे ते पत्र आपोआप संपतं, म्हणजे डिमेन्शिया वाढल्यावर त्याच्या जोरावर फ्लॅट विकणं हे चालत नाही. आणि आई-बाबा घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करत असतील तर 'हा आम्हाला शेवटपर्यंत सांभाळेल' ही अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा आहे त्याच्या कलम २३ खाली ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. नुसतं तोंडी ठरलेलं सिद्ध करताना फार दमछाक होते.

भेटायला गेल्यावर काय बघायचं

ठरलेल्या रविवारी अकरा वाजता गेलात तर ठरलेलंच दिसणार. कधी सकाळी नाश्त्याला जा, कधी संध्याकाळी दिवेलागणीला. तुम्ही परदेशात असाल तर इथल्या मावसभावाला, शेजाऱ्यांना, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगा, दर वेळी वेगळं कुणीतरी जाऊदे. जिथे माणसं येत-जात असतात तिथे काळजी जास्त घेतली जाते, हे मी अगदी डोळ्यांनी बघितलंय, ज्या आजींकडे कुणी येत नाही त्यांचं ताट शेवटी येतं.

आधी पाण्याची बाटली बघा, हाताला लागेल अशी आहे का खिडकीत लांब. चष्मा कुठाय, कवळी तोंडात आहे का डबीत, कानातल्या मशीनचा सेल चालू आहे का. नखं. वजन दर महिन्याला लिहून ठेवतात का विचारा, कपडे सैल होत चाललेत हे फोटोत कळत नाही, वजनाच्या आकड्यात कळतं.

जे माणूस पडूनच असतं त्याची पाठ स्वतः बघा, लाज वाटू देऊ नका, त्यांना विचारा आणि कुशीवर करून माकडहाडाची जागा, टाचा, खुबे बघा. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून उचला. दाबल्यावर जागा पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून ठीक आहे, पण दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोरची सुरुवात आहे, कातडी फुटायच्या आधीची. सावळ्या रंगावर लाल दिसत नाही, तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते बघा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि त्याचा तक्ता बेडपाशी लावलेला असतो, तो तक्ता बघायला मागा. सगळ्या सह्या एकाच पेनने एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसत असतील तर फोटो काढून ठेवा.

आता डायपरचं बोलते, कारण यावर कुणी बोलत नाही आणि मला याचं सगळ्यात वाईट वाटतं. काठी घेऊन किंवा हात धरून जी बाई बाथरूमपर्यंत जाऊ शकते तिला रात्री डायपर लावतात, कारण रात्री माणसं कमी असतात आणि ती उठून पडली तर सेंटरवर येईल. ती म्हणते मला जायचंय, मावशी म्हणते 'डायपर आहे ना आजी, त्यातच करा'. आयुष्यभर सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या, स्वच्छतेला जपणाऱ्या बाईला हे ऐकावं लागतं. पहिले काही दिवस ती रडते, दाबून धरते, पाणी प्यायचं बंद करते म्हणजे लागायलाच नको, मग पाणी कमी म्हणून लघवीला इन्फेक्शन, इन्फेक्शन झालं की म्हातारी माणसं एकदम असंबद्ध बोलायला लागतात, मग सगळे म्हणतात डोकं गेलं. आणि न चालल्यामुळे पायातली ताकद खरंच जाते. म्हणजे जी चालत आत गेली ती काही महिन्यांत बेडवर. म्हणून ॲडमिट करतानाच लिहून द्या: 'यांना आधार देऊन बाथरूमला न्यायचं, डायपर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही'. रात्रीसाठी बेडशेजारी कमोड खुर्ची ठेवा, मेडिकल दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.

तसंच झोपेचं. दुपारी बारा वाजताही माणूस गुंगीत, तोंडातून लाळ, बोलताना जीभ जड, तर औषधांचा चार्ट मागा आणि प्रत्येक गोळीचं प्रिस्क्रिप्शन मागा. क्वेटियापिनसारखी गुंगी आणणारी औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाहीत, आणि 'रात्री ओरडतात म्हणून' एवढंच कारण पुरेसं नाही, कुठल्या डॉक्टरने कधी बघून लिहिलं, किती दिवसांसाठी लिहिलं हे सांगावं लागतं. हॉस्पिटलची किंवा डॉक्टरांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात असा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, लेखी मागा म्हणजे तारीख राहते. मनगटावर किंवा घोट्यावर पट्टीच्या खुणा दिसल्या तर बांधून ठेवतायत का हे तिथल्या तिथे विचारा, मॅनेजरना बोलवा.

आणि बोलताना मावशी खोलीत नको. 'कसं आहे इथे?' विचारलं की सगळे 'छान आहे' म्हणतात, ते तुम्हाला काळजी नको म्हणून म्हणतात किंवा दाराकडे बघत म्हणतात. त्यापेक्षा साधं विचारा, काल रात्री पाणी लागलं तेव्हा कुणाला हाक मारली, किती वेळाने आली, जेवायला काय होतं, आंघोळ कुणी घातली, पाणी गरम होतं का. अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात.

अजून एक, वाढदिवस, भोंडला, दिवाळी असलं काही झालं की सेंटरवाले सगळ्यांचे रील टाकतात, तेही विस्कटलेले केस आणि गाऊनमध्ये. त्यांना विचारून टाकलंय का? नसेल तर काढायला सांगा, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

तक्रार करायची, पण त्यांना त्रास होऊ न देता

सगळे इथेच अडतात. आपण तक्रार केली की आपण निघून येणार आणि आई तिथेच राहणार, रात्री तिच्यावर राग काढतील, ही भीती खोटी नाही. म्हणून पद्धत महत्त्वाची.

मावशीशी भांडू नका. ती बारा तास उभी असते, ब्युरोकडून आलेली असते, एकटीवर आठ-दहा माणसं असतात, तिच्या हातात काही नसतं. तिला नावाने ओळखा, चांगलं केलं तर तोंडावर सांगा. तक्रार नेहमी व्यवस्थेची करा: 'रात्री माणूस कमी पडतोय', 'कूस बदलायचा तक्ता पाळला जात नाही'. ती मॅनेजमेंटला मेलवर करा, तारीख-वेळ लिहून, फोटो जोडून, आणि शेवटी किती दिवसांत काय करणार ते विचारा. प्रत्यक्ष पत्र दिलं तर पोच घ्या. फोनवर बोलणं झालं तर लगेच मेसेज टाका की आत्ता असं असं बोलणं झालं. मारहाण किंवा घाणेरडं बोलणं असेल तर मात्र व्यवस्था वगैरे बघत बसू नका, त्या माणसाला त्याच दिवशी ड्युटीवरून हटवायला सांगा.

एकट्याने करण्यापेक्षा तिथल्या दोन-तीन कुटुंबांना जोडून घ्या. भेटीच्या वेळी ओळख करा, नंबर घ्या, छोटा ग्रुप करा, मग तक्रार कुणा एकाच्या आईची राहत नाही, सेंटरला राग काढायला कुणी एक बेड सापडत नाही. शिवाय आपण नसताना दुसऱ्याचं कुणीतरी आपल्या आईकडे डोकावतं. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघालाही सांगा, ठाण्यात आणि नवी मुंबईत जवळपास प्रत्येक भागात संघ आहे, त्यांच्यातले लोक भेटायला यायला तयार असतात आणि चार ज्येष्ठ मंडळी दारात आली की मॅनेजमेंटचा सूर बदलतो.

मेलला उत्तर नाही आलं तर पुढे:

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात, कुठे जायचं ते सांगतात.

जीवाला धोका, मारहाण, कोंडून ठेवणं असेल तर ११२. जे माणूस स्वतःचं स्वतः करू शकत नाही त्याला सांभाळायचा करार करून मुद्दाम न सांभाळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम पोलीस स्टेशनलाही पटकन आठवत नाही, तेव्हा नंबर कागदावर लिहून न्या.

पैसे, डिपॉझिट, न दिलेली सेवा यासाठी १९१५ ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात केस टाकता येते, सेंटर कर्जतला असलं तरी. दोन वर्षांच्या आत टाका, भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे आईच्या, आजीच्या नावाने अर्ज करा.

आणि घरच्यांनीच पाठ फिरवली असेल तर

फी भरायची बंद केली, फोन उचलत नाहीत, पत्ता बदलला, असंही होतं. सांभाळायची जबाबदारी असताना मुलांनी आई-बाबांना कायमचं टाकून दिलं तर २००७ च्या त्याच कायद्याच्या कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण खरा उपयोग निर्वाह न्यायाधिकरणाचा, म्हणजे प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिसचा. आई-वडील स्वतः अर्ज करू शकतात, जमत नसेल तर त्यांनी सांगितलेला माणूस किंवा संस्था करू शकते. मूल नसेल तर ज्याला पुढे मालमत्ता मिळणार आहे तो नातेवाईकही जबाबदार धरता येतो, माझ्या आत्यासारख्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. महिना जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते, आजच्या सेंटरच्या फीपुढे ती कमी आहे आणि ती वाढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर तीस दिवस वाढवता येतात.

हद्दीचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात, म्हणजे ठाण्याचे प्रांत. खारघर, कामोठे, पनवेलला आपण नवी मुंबई म्हणतो, पण महसुली हिशेबात तो रायगड जिल्हा, तिथे पनवेलचे प्रांत आणि अपिलाला थेट अलिबाग. पोलीस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचे. सुदैवाने कायद्यात सोय आहे की आई-वडील आत्ता राहतात तिथे, आधी राहत होते तिथे किंवा मुलं राहतात तिथे, कुठेही अर्ज चालतो, तेव्हा जे ऑफिस जवळ पडेल ते घ्या.

बाकी छोट्या गोष्टी पण करून टाका. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो, नोव्हेंबरमध्ये फोन घेऊन जा. वय सत्तर किंवा त्याहून जास्त असेल तर मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्न कितीही असो. पंच्याऐंशीच्या वर असतील तर निवडणुकीत घरबसल्या मतदानाची सोय मागता येते, त्याचा फॉर्म वेळेत भरा, मत द्यायला मिळालं म्हणून आत्या दिवसभर बोट दाखवत होती. व्हेंटिलेटर नको, जबरदस्तीचे उपचार नकोत असं कुणाला वाटत असेल तर डोकं शाबूत असतानाच लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते सोपं केलंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत सेंटरच्या फाइलला लावा.

सगळं करूनही सुधारणा नसेल तर हलवा, त्यात हरल्यासारखं काही नाही. फक्त आधी त्यांना सांगा, नवी जागा दाखवा, रूममेटचा नंबर घेऊन द्या कारण तिथे मैत्री झालेली असते. निघताना औषधांचा चार्ट, वजनाची नोंद, डॉक्टरांचे कागद यांच्या प्रती घ्या, अंगावरच्या जखमांचे त्या दिवशीचे फोटो काढा, कपाटातलं सामान त्यांच्यासमोर मोजून घ्या आणि डिपॉझिटचा मेल गाडीत बसायच्या आधी टाका.